कॅसिओची प्रॉक्सी

आपल्याकडे 'कॅसिओ' हे कंपनीचं नाव नाहीच मुळी, ते वाद्याचं नाव आहे. यामाहा असो, रोलँड असो, नाहीतर जत्रेत मिळणारं चायनीज खेळणं असो, "त्यांचा मुलगा कॅसिओ छान वाजवतो हं" असंच आपण म्हणतो. डालडा आणि झेरॉक्सच्या पंक्तीतला शब्द. त्यामुळे आधीच सांगून टाकते, आज ज्याबद्दल लिहितेय तो कॅसिओ खरोखरच कॅसिओ आहे. कॅसिओटोन एमटी-४०. बाजारात आला १९८१ साली आणि आमच्या काकांच्या घरी आला १९८३ साली, मस्कतहून, काकूच्या भावाच्या बॅगेतून. गेले काही वीकेंड मी त्याला मिडी बसवत होते. ते बसवावं की नाही यावर घरात, ऑफिसात आणि चहाच्या टपरीवर इतक्या लोकांनी मला इतकं ऐकवलंय, की आता थोडं माझंही ऐका.

मिडी म्हणजे काय हे ज्यांना पाठ आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. बाकीच्यांसाठी: मिडीच्या वायरमधून आवाज जात नाही. (हे वाक्य मी गेल्या महिन्यात किमान दहा जणांना म्हणून दाखवलंय.) त्यातून जातात फक्त निरोप. "साठ नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात." "साठ नंबरची सोडली." संपलं. एक निरोप तीन बाइटचा. पहिल्यात काय घडलं आणि कुठल्या चॅनलवर, दुसऱ्यात कोणती पट्टी, तिसऱ्यात किती जोर. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक मेगाहर्ट्झ भागिले ३२. स्टार्ट-स्टॉप धरून बाइटला दहा बिट, तीन बाइटचे तीस, म्हणजे निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद. बोट आणि कान यांच्यात एवढा फरक कुणाच्या बापाला कळत नाही.

आणि हे सगळं ठरलं १९८३ मध्ये! सीक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीच्या डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी १९८१ मध्ये कल्पना मांडली, जपानमधून रोलँडचे इकुतारो काकेहाशी त्यात उतरले आणि जानेवारी १९८३ च्या नॅम शोमध्ये एका कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि दुसरीचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले. बाजारात एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या, आणि वायर एकच. पुढे २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी दोघांना यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. २०२० मध्ये मिडी २.० आलं, तरी जुनं १.० कुणी बंद केलेलं नाही. ज्या धंद्यात मी गेल्या वर्षी लिहिलेलं एपीआय या वर्षी डेप्रिकेट होतं, त्या धंद्यात बसून मी हे वाचते तेव्हा मला जरा गलबलूनच येतं. असो.

तर एमटी-४० हा मिडीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याला निरोप ऐकायचे कान नाहीत. त्याला ते देता येतात, आणि माझ्या मते द्यावेत. तसं करताना त्याचा गळा जसाच्या तसा राहतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता काकांबद्दल. काका बँकेत होते. सोसायटीचा गणपती, कुणाचा सेंडॉफ, कोजागिरी, सगळीकडे हा कॅसिओ आणि त्यामागे काका. एमटी-४० ला उजवीकडे ३७ पट्ट्या आणि डावीकडे बेससाठी वेगळ्या १५, सगळ्या मिनी साइझच्या. आवाज २२, ठेके सहा. काकांना त्या २२ पैकी पाचच आवडतात, पण ते पाच त्यांना असे माहीत आहेत की कुठला सूर किती वेळ रेंगाळतो ते डोळे मिटून सांगतील. आज काका एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि बोटांत संधिवात आहे. मिनी पट्टीवर सुजलेलं बोट ठेवलं की शेजारची पट्टीही दाबली जाते. चुलतभावाने दिवाळीला एक चांगला, मोठ्या पट्ट्यांचा, पाचशेच्यावर आवाजांचा नवा कीबोर्ड आणून दिला. काकांनी दोन दिवस वाजवला आणि कव्हर घालून ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, पाहुण्यांच्या घरी आंघोळ केल्यासारखं वाटतं. सगळं आहे, पण साबण कुठे ते विचारावं लागतं."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते काहीच वाजवत नव्हते.

उपाय इंजिनिअरला दिसतोच. मोठ्या पट्ट्यांचा कीबोर्ड हात म्हणून वापरा आणि जुना कॅसिओ गळा म्हणून. मधे मिडी.

ऑफिसातला माझा एक मित्र होम स्टुडिओवाला आहे. त्याचं पहिलं वाक्य, "एवढी सोल्डरिंग कशाला? सगळे आवाज सॅम्पल कर, लॅपटॉपवर टाक, दोन तासांचं काम." हा सल्ला मूर्खपणाचा नाही, म्हणून त्यावर जरा थांबते. २२ आवाज गुणिले ३७ पट्ट्या म्हणजे ८१४ सूर. सस्टेन आणि व्हायब्रॅटोचे स्विच चालू-बंद धरले की चौपट, ३,२५६. बरं, कुणी इतकं करत नाही, चार पट्ट्यांआड एक सॅम्पल घेतात आणि बाकीचे ताणतात. नव्वद टक्के लोकांना फरक कळणारही नाही. पण ज्याच्यासाठी हे चाललंय तो नेमका उरलेल्या दहा टक्क्यांतला आहे! शिवाय काकांना लॅपटॉप उघडून, ऑडिओ इंटरफेस निवडून, प्रोजेक्ट लोड करून मग सूर लावायचा नाहीये. त्यांना स्विच वर करायचा आहे, स्पीकरमधून तो ओळखीचा 'टप्' ऐकायचा आहे आणि वाजवायला लागायचं आहे. सॅम्पलिंगमध्ये आवाज वाचतो आणि वाद्य माळ्यावर जातं. माळ्यावर गेलेली वस्तू पुढे कुठे जाते हे तुम्हालाही माहीत आहे. भंगारवाला तराजूत वजन करतो, सूर करत नाही.

आता आतलं काम. ई अँड टीसीला असताना शिकलेलं सगळं आपण जावा लिहिता लिहिता विसरतो, त्यामुळे मलाही मजा आली.

एमटी-४० च्या ५२ पट्ट्यांपासून चिपपर्यंत ५२ वेगळ्या वायरी जात नाहीत. आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते. समजा आठ आडव्या आणि सात उभ्या, तरी ५६ चौक झाले, म्हणजे १५ वायरींत काम भागलं. प्रत्येक चौकात एक पट्टी. चिप एकेका रेषेवर क्षणभर सिग्नल सोडते आणि पलीकडे कोणत्या रेषेवर तो उमटला ते बघते. मग पुढची रेषा, मग त्याच्या पुढची, आणि हे सेकंदात कित्येकदा. थोडक्यात, मास्तर सतत हजेरी घेतायत. रोल नंबर एक? रोल नंबर दोन? दाबलेली पट्टी म्हणते, "प्रेझेंट सर."

इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. आपल्याला प्रॉक्सी मारायची आहे! पट्टी दाबलेली नसताना, तिच्या जागी कुणीतरी त्याच आवाजात "प्रेझेंट सर" म्हणायचं. मास्तरांना, म्हणजे चिपला, फरक कळता कामा नये.

यासाठी मी ४०६६ वापरली. ही साधी, स्वस्त, जुनी सीमॉस आयसी आहे, आत चार इलेक्ट्रॉनिक स्विच. एकेक स्विच एकेका पट्टीच्या कॉन्टॅक्टला समांतर जोडायचा. उजवीकडच्या ३७ पट्ट्यांना दहा आयसी लागतात. त्यांना हुकूम द्यायला पाच ५९५ शिफ्ट रजिस्टर, आणि त्यांच्यामागे एक छोटा मायक्रोकंट्रोलर, जो मिडीचे निरोप वाचतो आणि ठरवतो की कोणाची प्रॉक्सी लावायची. तपकीर गल्लीत आणि आसपास एका दुपारी सगळं मिळालं. दुकानदाराने "प्रोजेक्टसाठी का?" असं विचारून स्टुडंट डिस्काउंटही दिलं. मी काही बोलले नाही.

यात खरी मेख डायोडची आहे. ज्या कीबोर्डमध्ये एकावेळी आठ सूर वाजतात त्यात प्रत्येक पट्टीमागे एक डायोड लागतो, म्हणजे करंट एकाच दिशेने जातो. तो नसेल तर जाळीच्या एका चौकोनाचे तीन कोपरे दाबले की चौथा कोपरा आपोआप दाबल्यासारखा वाटतो. तीन सुरांची कॉर्ड वाजवली की चौथा एक भुताचा सूर ऐकू येतो. त्यामुळे आपला स्विच डायोडला वळसा घालून जोडायचा नाही, डायोड वाटेत राहील असाच जोडायचा. काही जण टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली एमटी-८८१६ नावाची चिप वापरतात, आठ गुणिले सोळाची तयार जाळीच असते तिच्यात, वायरिंग निम्म्याने कमी. पण ती सरळ जाळीवर जाळी ठेवते, डायोडची वाट चुकते आणि भुतं येतात. मला काकांच्या भूपाळीत भुतं नको होती, म्हणून दहा आयसीची गचडी पत्करली.

दुसरी काळजी व्होल्टेजची. जुन्या चिपवर पाचच व्होल्ट असतील असं धरून चालायचं नाही, मल्टिमीटर लावून जाळीवरचा सिग्नल कुठून कुठपर्यंत जातो ते बघायचं आणि ४०६६ ला त्या हिशेबाने सप्लाय द्यायचा. शिवाय कॅसिओच्या जुन्या अडॅप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते, आजच्या बहुतेकांच्या उलट. घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर खुपसण्याआधी हे आठवा.

मिडीच्या बाजूने मात्र अजिबात भीती नाही, आणि त्याचं श्रेय १९८३ च्या त्या मंडळींना. मिडी इनच्या आत ऑप्टोकपलर असावाच लागतो. एका बाजूला चिमुकला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश बघणारा ट्रान्झिस्टर. आलेला निरोप उजेडाच्या रूपाने पलीकडे जातो, वीज जात नाही. बँकेच्या काचेपलीकडून कॅशियर खुणा करतो, तसं. त्यामुळे मोठ्या कीबोर्डचा अडॅप्टर बिघडला, अर्थिंगची बोंब झाली, तरी त्या वायरवाटे चाळीस वर्षांच्या चिपला धक्का लागत नाही. आणि ती चिप गेली तर दुसरी मिळत नाही हो!

आता सगळ्यात कडवा विरोध. तो आला जुन्या वाद्यांच्या शौकिनांकडून. "ओरिजिनल आहे ना? मग हात लावू नकोस." आणि एमटी-४० च्या बाबतीत त्यांच्या हातात हुकमाचा एक्का आहे. या कीबोर्डमधला 'रॉक' नावाचा ठेका हिरोको ओकुडा या तरुण मुलीने तयार केला. संगीत शिकून १९८० मध्ये कॅसिओत लागलेली, कॉलेजचा प्रबंध चक्क रेगेवर. १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांनी तोच ठेका एका एमटी-४० वर धरला, प्रिन्स जॅमी यांनी रेकॉर्ड केलं, आणि 'अंडर मी स्लेंग टेंग' या गाण्याने जमैकाचं संगीत वाद्यवृंदाकडून मशिनकडे वळवलं. नंतर त्याच ठेक्यावर शेकडो गाणी झाली. म्हणजे आमच्या काकांच्या कपाटावर जे धूळ खात होतं ते एक प्रकारे म्युझियम पीस आहे.

कबूल. म्युझियममधल्या पीसला हात लावू नये. पण जगातला प्रत्येक एमटी-४० म्युझियममध्ये नाही. हा एक काकांचा आहे. मला शौकिनांच्या युक्तिवादातली ग्यानबाची मेख इथे दिसते, की ते वस्तू जपतात आणि वाजवणारा त्यांच्या हिशेबात येतच नाही. जी वस्तू बनवताना ओकुडाबाईंनी नक्कीच कुणीतरी ती वाजवेल असं धरलं होतं, ती काचेमागे ठेवून तिचा मान राखला जातो हे मला पटत नाही. आपल्याकडे पेटी जुनी झाली की सूर लावून घेतात, भाता बदलतात, तंबोऱ्याची जव्हारी काढून घेतात. कुणी म्हणत नाही की आता हा तंबोरा ओरिजिनल राहिला नाही. मग विजेवर चालणाऱ्या वाद्याला ही वेगळी सोवळ्याची पद्धत का?

त्यांचं अर्धं म्हणणं मात्र मी घेतलं, आणि ते घेतल्याशिवाय कुणी या कामाला हात घालू नये असंही माझं मत आहे. एकही भोक पाडलं नाही. लोक सर्रास पाठीमागे ड्रिल करून पाच पिनांचं सॉकेट बसवतात. दिसतं झकास, पण ते भोक परत बुजवता येत नाही. माझी केबल बॅटरीच्या कप्प्यातून बाहेर येते आणि सॉकेट बाहेर एका छोट्या डबीत आहे. (डबी आवळा सुपारीची आहे. काकूची देणगी.) पीसीबीवरचा एकही ट्रॅक कापलेला नाही. जुन्या पट्ट्या आजही पूर्वीसारख्याच वाजतात, प्रॉक्सी असली म्हणून खऱ्या मुलाने वर्गात यायचं नाही असं थोडंच आहे. आणि आत झाकणाला एक कागद चिकटवलाय, कुठली वायर कुठे, कुठल्या रंगाची, कशी काढायची. उद्या मी बंगलोरला गेले, किंवा नसलेच, तर ज्याच्या हाती हे येईल त्याला तासाभरात सगळं उपटून १९८१ मध्ये परत जाता यावं. आमच्या टीममध्ये एवढं डॉक्युमेंटेशन कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

काही गोष्टी मिडीने मिळत नाहीत, तेही सांगून ठेवते. तिसऱ्या बाइटमधला जोर वाया जातो. एमटी-४० ची पट्टी म्हणजे नुसता स्विच, दाबली किंवा नाही दाबली, हळू-जोरात त्याला कळत नाही. पिच बेंडही जात नाही, त्यामुळे मींड वगैरे विसरा. मला याचं जरा वाईट वाटत होतं, म्हणून काकांना आधीच कल्पना दिली. ते म्हणाले, "अगं, पण त्याला कधीच येत नव्हतं ते. आणि आता आलं तर मलाच लाज वाटेल, इतकी वर्षं मी काय करत होतो!"

पहिल्या दिवशी चुलतभावाचा नवा कीबोर्ड टेबलावर, कॅसिओ शेजारी स्टुलावर. काकांनी नव्यावर बोटं ठेवली आणि आवाज जुन्यातून आला. ते दोन-तीनदा थांबून स्टुलाकडे बघत होते, कुणी दुसरंच वाजवतंय की काय म्हणून. मग पंधरा मिनिटं कुणाकडेच बघितलं नाही. दिवाळीची ती महागडी भेट आता रोज वापरात आहे, फक्त तिचा आवाज शून्यावर. भावाला हा अपमान वाटतो की मान, ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

सध्या डावीकडच्या पंधरा बेसच्या पट्ट्या राहिल्यात. आणखी चार आयसी, दोन शिफ्ट रजिस्टर आणि चॅनल नंबर दोन. ठेक्यांची बटणं वेगळी आहेत, त्यांचं नंतर बघू. काकांना मी स्लेंग टेंग ऐकवलं तर त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा आपला रॉकच आहे की. याच्यावर मी आरती बसवली होती, एक्याऐंशी... नाही, चौऱ्याऐंशीला. सेक्रेटरीने बंद पाडली."